निकटदृष्टिता : आकलनाचा इतिहास व नेत्रसंगोपन

जवळच्या वस्तू स्पष्ट आणि दूरच्या वस्तू अंधुक दिसणे, या दृष्टिदोषाला निकटदृष्टिता किंवा ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. हा डोळ्याच्या प्रणमनाचा (प्रकाशकिरण वळविण्याच्या क्रियेचा) दोष आहे. निर्दोष डोळ्यात दूरच्या वस्तूपासून येणारे समांतर किरण स्वच्छमंडल व भिंग यांतून वळून डोळ्याच्या मागील बाजूच्या जालपटलावर एकत्र येतात आणि तेथे स्पष्ट प्रतिमा उमटते. निकटदृष्टी डोळ्यात हे किरण जालपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात व पुढे पुन्हा फाकतात. त्यामुळे जालपटलावर पडणारी प्रतिमा पसरट व अस्पष्ट होते. बहुसंख्य व्यक्तींत याचे कारण भिंगाचा दोष हे नसून नेत्रगोल पुढून मागे प्रमाणाबाहेर लांब झालेला असणे हे होय.

नवजात अर्भकाच्या डोळ्याची लांबी सु. १७ मिमी. असते, प्रौढाची सामान्यतः २३ ते २४ मिमी. असते. बालपणीच्या या वाढीवर डोळ्याचे स्वतःचे नियंत्रण असते आणि स्वच्छमंडल व भिंग यांच्या शक्तीशी मेळ बसेल इतकीच लांबी साधारणपणे गाठली जाते. हा मेळ चुकून लांबी १ मिमी. ने अधिक झाली, तर सु. अडीच ते तीन डायॉप्टर इतकी निकटदृष्टिता येते. व्यवहारात ज्याला चष्म्याचा ‘नंबर’ म्हणतात, तो या डायॉप्टरमध्ये असतो. उणे २ नंबर म्हणजे चष्म्यावाचून ५० सेंमी. पर्यंतचेच स्पष्ट दिसते. उणे ४ नंबर म्हणजे ही मर्यादा २५ सेंमी. वर येते. लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखूड करण्याचा उपाय उपलब्ध नाही. या दोषाच्या आकलनाचा सारा इतिहास म्हणजे डोळा लांबतो का आणि ही वाढ रोखता येईल का, या दोन प्रश्नांपर्यंत पोहोचण्याचा इतिहास होय.

प्राचीन उल्लेख : या दोषाचे पाश्चात्त्य नाव ‘मायोपिया’ हे डोळे मिटणे या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. दूरचे पाहताना पापण्या अर्धवट मिटून घेण्याची लकब त्यात नोंदलेली आहे. पापण्यांमधील फट अरुंद झाली की, कडेचे किरण अडतात व प्रतिमेचा पसरटपणा कमी होतो. ॲरिस्टॉटल यांच्या नावाने चालत आलेल्या प्रश्नसंग्रहात निकटदृष्टी माणसे बारीक अक्षर का काढतात, असाही प्रश्न विचारलेला आहे. भारतात सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन असून दृष्टीचे विकार डोळ्याच्या एकाआड एक असलेल्या पटलांच्या अनुक्रमाने दिले आहेत. दुसऱ्या पटलात दोष पोहोचला असता दूरचे जवळ व जवळचे दूर भासते आणि सुईचे नेढेही दिसत नाही, असे तेथे म्हटले आहे. हे वर्णन मुख्यतः तिमिर व पुढे मोतीबिंदू यांकडे जाणाऱ्या विकारांचे आहे. आजच्या अर्थाने निकटदृष्टिता त्यातून वेगळी काढणे योग्य ठरणार नाही. दूरचे व जवळचे पाहणे या दोन स्वतंत्र क्षमता असून त्या निरनिराळ्या प्रकारे बिघडू शकतात, एवढे निरीक्षण मात्र त्यात स्पष्ट आहे.

चष्म्याचा प्रसार : बहिर्गोल भिंगांचे चष्मे तेराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत प्रचारात आले. ते उतारवयात जवळचे दिसेनासे होणाऱ्यांसाठी, मुख्यतः वाचन-लेखन करणाऱ्यांसाठी होते. निकटदृष्टी व्यक्तीला लागणारी अंतर्गोल भिंगे प्रचारात येण्यास आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. मिलानचे ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्त्सा यांनी १४६२ मध्ये फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागविले. त्यांतील एक डझन दूरचे पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांसाठी, असावेत असे मागणीपत्रात नमूद आहे. त्यावरून पंधराव्या शतकाच्या मध्यास असे चष्मे बाजारात सहज मिळत असावेत, असे दिसते. राफाएल यांनी सु. १५१८ मध्ये काढलेल्या पोप दहावे लिओ यांच्या व्यक्तिचित्रात त्यांच्या हाती अंतर्गोल भिंग दाखविले आहे.

भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी घेतला. विजयनगरच्या राजसभेत मान असलेले माध्व आचार्य व्यासतीर्थ हे सु. १५२० मध्ये चष्म्याच्या साहाय्याने ग्रंथ वाचीत, असा उल्लेख त्यांच्या संस्कृत चरित्रात असल्याचे गोडे यांनी दाखवून दिले. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर अवघ्या दोन दशकांतला हा उल्लेख आहे. येथेही चष्मा दिसतो तो वृद्ध ग्रंथवाचकाच्या डोळ्यावर.

मराठी भाषेतही हाच क्रम उमटलेला आहे. ‘चष्मा’ हा शब्द डोळा या अर्थाच्या फार्सी ‘चश्म’ वरून आला. वाचण्याच्या चष्म्याला मराठीने ‘चाळिशी’ हे स्वतःचे नाव दिले, कारण त्याची गरज चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास भासू लागते. बालपणी सुरू होणाऱ्या निकटदृष्टितेला असे घरगुती नाव मिळाले नाही. निकटदृष्टिता व ऱ्हस्वदृष्टी या दोन्ही संज्ञा शास्त्रीय लेखनासाठी घडविलेल्या आहेत. चष्मा ही म्हातारपणाची खूण ही समजूत जुनी असल्यामुळे मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, डोळ्यावर चष्मा येणे हे अनेक कुटुंबांना दीर्घकाळ कमीपणाचे वाटत आले आहे.

प्रकाशकीय उलगडा : अंतर्गोल भिंगाने दूरचे स्पष्ट दिसते हे अनुभवाने कळले होते, त्याचे कारण मात्र सतराव्या शतकापर्यंत अज्ञात होते. योहानेस केप्लर (१५७१–१६३०) या जर्मन ज्योतिर्विदांनी १६०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशकीवरील ग्रंथात प्रतिमा भिंगात नव्हे, तर जालपटलावर उमटते असे प्रतिपादन केले. निकटदृष्टी डोळ्यात किरण जालपटलाच्या अलीकडे एकत्र येतात आणि अंतर्गोल भिंग त्यांना आधी फाकवून हे केंद्र मागे नेते, असा खुलासा त्यांनी केला. केप्लर यांची स्वतःची दृष्टीही अधू होती. लहानपणापासून जवळचे बारीक काम करण्याची सवय हे या दोषाचे कारण असावे, असेही त्यांनी सुचविले. त्यांच्या या अनुमानावरील वाद पुढे चारशे वर्षे चालू राहिला.

डच वैद्य हेर्मान बूरहाव्हे (१६६८–१७३८) यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी नेत्रगोलाच्या अतिरिक्त लांबीचा निर्देश केला. शवविच्छेदनाने त्याला निश्चित पुष्टी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रियन नेत्रवैद्य फेर्डिनांट फोन आर्ल्ट (१८१२–८७) यांच्याकडून मिळाली. याच सुमारास हेर्मान फोन हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक या उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत डोळ्यातील जालपटल प्रथमच वैद्याच्या नजरेस पडले. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन (१८३४–१९०८) यांचा अक्षरतक्ता १८६२ मध्ये आला. त्यामुळे दृष्टीची तीक्ष्णता सर्वत्र एकाच मापाने मोजता येऊ लागली. त्यांचे सहकारी फ्रान्सिस्कस डाँडर्स (१८१८–८९) यांनी १८६४ च्या ग्रंथात प्रणमनाचे दोष आणि जवळचे पाहण्यासाठी भिंग फुगविण्याची डोळ्याची क्षमता या दोन गोष्टी एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या केल्या. निकटदृष्टिता हा पहिल्या प्रकारचा दोष असून चाळिशी हा दुसऱ्या प्रकारचा बदल आहे. त्यामुळे निकटदृष्टी व्यक्तीलाही चाळिशी येते. फ्रेंच वैद्य फेर्दिनां मॉन्वाये (१८३६–१९१२) यांनी १८७२ मध्ये डायॉप्टर हे एकक सुचविले आणि चष्म्याला आजचा नंबर मिळाला.

शाळा आणि दृष्टी : इंग्लिश शल्यवैद्य जेम्स वेअर (१७५६–१८१५) यांनी १८१३ मध्ये एक साधी तुलना प्रसिद्ध केली. पायदळाच्या रक्षक पलटणींतील सु. १०,००० सैनिकांत निकटदृष्टी म्हणून ज्ञात असलेले सहाजणही नव्हते. ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात मात्र १२७ जणांपैकी ३२ जण चष्मा अगर भिंग वापरीत होते. ही गणना काटेकोर नव्हती, कारण सैनिकाला बारीक अक्षर वाचावे लागत नसे आणि सौम्य दोष त्याच्या लक्षातही येत नसे. तथापि प्रश्नाची दिशा तिने दाखविली.

व्यवस्थित मोजणी केली ती हेर्मान कोन (१८३८–१९०६) यांनी. ब्रेस्लौ (आता पोलंडमधील व्ह्रॉत्सवाफ) येथील या नेत्रवैद्यांनी १०,०६० विद्यार्थी तपासून १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यांतील शाळांत निकटदृष्टी मुलांचे प्रमाण १·४ टक्के, शहरातील प्राथमिक शाळांत ६·७ टक्के, तर विद्यापीठीय शिक्षणाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळांत २६·२ टक्के आढळले. इयत्तेबरोबर नंबरही वाढत जात होता. कोन यांनी याचा दोष अपुरा उजेड, बेढब बाके व बारीक छपाई यांना दिला आणि वर्गांच्या खिडक्या मोठ्या असाव्यात, बाके मुलांच्या उंचीला जुळणारी असावीत असा आग्रह धरला. त्यामुळे अनेक देशांत शाळागृहांची रचना सुधारली. पुस्तक डोळ्यापासून हातभर लांब धरावे, ताठ बसावे, उजेड डाव्या खांद्यावरून यावा, हे जे नियम पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकविले गेले, त्यांचा उगम या चळवळीत आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विचाराचा लंबक दुसऱ्या बाजूला गेला. निकटदृष्टी आईवडिलांच्या मुलांत हा दोष अधिक आढळतो आणि एकरूप जुळ्यांचे नंबर एकमेकांशी जवळजवळ जुळतात, हे दिसून आल्यामुळे तो सर्वस्वी आनुवंशिक मानला जाऊ लागला. तसे असेल तर चष्मा देण्यापलीकडे करण्यासारखे काही उरत नव्हते. आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे. नंबराशी संबंधित असलेली शेकडो जनुकीय स्थाने आता ज्ञात झाली आहेत. परंतु एखाद्या समाजातील जनुके एकदोन पिढ्यांत बदलत नाहीत आणि पूर्व आशियातील शहरांत निकटदृष्टितेचे प्रमाण नेमके एकदोन पिढ्यांतच कित्येक पटींनी वाढले. या विसंगतीचा उलगडा करण्यासाठी ग्रामीण भागातील प्रौढांचे डोळे मोजणे आवश्यक होते. असे एक महत्त्वाचे काम नागपूरजवळ झाले.

नागपूर परिसरातील पाहणी : नागपूर येथील सूरज आय इन्स्टिट्यूट या संस्थेने जर्मनीतील हायडल्‌बर्ग विद्यापीठाच्या मानहाइम येथील वैद्यक विद्याशाखेच्या सहकार्याने ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ ही पाहणी हाती घेतली. नेत्रवैद्य विनय नांगिया आणि योस्ट योनास हे तिचे प्रमुख संशोधक होत. नागपूरपासून सु. ४० किमी. अंतरावरील आठ गावांतील तीस वर्षे व त्यावरील वयाचे ५,८८५ रहिवासी तीत अभिप्रेत होते. त्यांपैकी ४,७११ जणांनी (८०·१ टक्के) भाग घेतला. दवाखान्यात आपण होऊन येणाऱ्यांवरून काढलेले प्रमाण फसवे असते, कारण तेथे ज्यांना त्रास आहे तेच येतात. गावातील जवळजवळ सर्वांची तपासणी हे या पाहणीचे बळ होय.

प्रणमनदोषांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. उणे अर्ध्या डायॉप्टरहून अधिक निकटदृष्टिता १७ टक्के व्यक्तींत आढळली. उणे ६ डायॉप्टरहून अधिक, म्हणजे तीव्र स्वरूपाची, ०·९ टक्के व्यक्तींत. नेत्रगोलाची सरासरी लांबी २२·६ मिमी. भरली. उतारवयात मोतीबिंदू पिकू लागताना भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची प्रणमनशक्ती वाढते आणि नेत्रगोल लांब नसतानाही उणे नंबर येतो. ज्येष्ठांच्या कोणत्याही पाहणीत हा भाग लक्षात घ्यावा लागतो. नंबराच्या आकड्यापेक्षा लांबीचा आकडा अधिक बोलका ठरतो तो यामुळे.

याच्या शेजारी सिंगापूरमधील भारतीय वंशाच्या चाळीस वर्षांवरील नागरिकांची पाहणी ठेवता येते. २००७ ते २००९ या काळातील त्या पाहणीत निकटदृष्टितेचे प्रमाण २८ टक्के आणि नेत्रगोलाची सरासरी लांबी २३·४५ मिमी. आढळली. सिंगापूरमधील भारतीयांत तमिळ कुटुंबे बहुसंख्य असल्यामुळे ते व विदर्भातील ग्रामस्थ एकाच वंशपरंपरेचे मानता येत नाहीत. दोन्ही ठिकाणची वयोमर्यादाही वेगळी आहे. तरीही शालेय शिक्षण, शहरी वस्ती व घरातील जीवन यांत वाढलेल्या भारतीय डोळ्याची लांबी शेतीवर वाढलेल्या डोळ्यापेक्षा पाऊण मिलिमीटरहून अधिक असावी, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

नागपूरजवळच्या त्या आठ गावांतील माणसे उघड्यावर वाढली. त्यांची नातवंडे आज शहरात किंवा शहरासारख्या दिनक्रमात वाढत आहेत. नागपूरला हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये व विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले, तेव्हा उच्च शिक्षण मोजक्यांपुरते होते. आता शाळा आणि त्यापाठोपाठ शिकवणीवर्ग प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. शिक्षणाचा हा प्रसार इष्टच आहे. त्याबरोबर मुलांचे दिवसाउजेडी घराबाहेर असणे कमी झाले, हा त्याचा अटळ भाग नव्हे. दिल्लीच्या शाळकरी मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७·४ टक्के होते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ९,८८४ मुलांची केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ते १३·१ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांची पद्धत व शाळांची निवड सारखी नसल्याने हे आकडे थेट वजा करता येत नाहीत. रोख मात्र वाढीचाच आहे.

दिवसाच्या उजेडाचा शोध : डोळ्याची वाढ बाह्य परिस्थितीने बदलते, याचा प्रायोगिक पुरावा योगायोगाने मिळाला. हार्व्हर्ड विद्यापीठातील टॉर्स्टेन व्हीझेल आणि एलिओ राव्हिओला यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, लहान माकडाच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्यास तो डोळा लांबतो व निकटदृष्टी होतो. स्पष्ट प्रतिमा न मिळालेला डोळा वाढत राहतो, याचा अर्थ वाढीचे नियंत्रण जालपटलाला मिळणाऱ्या प्रकाशसंदेशांवर अवलंबून असते.

यानंतरचे महत्त्वाचे निरीक्षण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा-सात वर्षे वयाच्या चिनी वंशाच्या मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण सिंगापूरमध्ये २९·१ टक्के, तर सिडनीमध्ये अवघे ३·३ टक्के होते. सिडनीतील मुले पुस्तके कमी वाचत नव्हती. उलट अधिकच वाचत होती. ठळक फरक होता तो घराबाहेरील वेळेचा : सिडनीत आठवड्याला सु. १३·७५ तास, सिंगापूरमध्ये सु. ३ तास. यानंतर चीनमधील ग्वांगजो येथे शाळांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर देण्यात आला. तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टी झालेल्यांचे प्रमाण या गटात ३०·४ टक्के व दुसऱ्या गटात ३९·५ टक्के भरले (२०१५). याउलट २०२० मध्ये करोना साथीमुळे मुले घरात बंद राहिली, तेव्हा चीनच्या शांडुंग प्रांतातील एका शहराच्या शालेय तपासणीत सहा वर्षांच्या मुलांतील प्रमाण २१·५ टक्के आढळले. त्याआधीच्या पाच वर्षांत ते कधीही ५·७ टक्क्यांवर गेले नव्हते.

प्रखर उजेडात जालपटलातून डोपामीन हे रासायनिक द्रव्य अधिक स्रवते व ते नेत्रगोलाच्या लांबण्याला आवर घालते, असा याचा सध्याचा प्रमुख खुलासा आहे. वर्गातील उजेड साधारणतः ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो. कोन यांनी खिडक्या मोठ्या करण्याचा धरलेला आग्रह, त्यांना ठाऊक नसलेल्या कारणासाठीही, योग्य होता.

धोके : सौम्य निकटदृष्टिता ही योग्य चष्म्याने पूर्णपणे सावरणारी गोष्ट आहे. धोका असतो तो तीव्र प्रमाणाचा. नेत्रगोल लांबताना जालपटल ताणले जाऊन पातळ होते. ते फाटण्याची व सुटण्याची, त्याच्या मध्यबिंदूचा ऱ्हास होण्याची, तसेच काचबिंदूची शक्यता वाढते. यांपैकी कित्येक विकारांत गेलेली दृष्टी परत येत नाही. दोष जितक्या लहान वयात सुरू होतो, तितकी वाढीची वर्षे अधिक मिळतात व अंतिम नंबर मोठा होतो. त्यामुळे सातव्या वर्षी येणारा चष्मा दोनतीन वर्षे जरी लांबला, तरी त्या मुलाच्या उत्तरायुष्याच्या दृष्टीने तो मोठाच लाभ होय. जगातील निम्मी लोकसंख्या २०५० पर्यंत निकटदृष्टी होईल, असा अंदाज २०१६ मध्ये वर्तविण्यात आला आहे.

दुसरा धोका दोष न ओळखला जाण्याचा आहे. जन्मतः अंधुक पाहणाऱ्या मुलाला इतरांना अधिक स्पष्ट दिसते हे ठाऊक नसते, म्हणून ते तक्रार करीत नाही. फळ्यावरचे न दिसल्यामुळे ते मागे पडते आणि मठ्ठ किंवा बेफिकीर ठरते. चीनच्या ग्रामीण भागात मुलांना मोफत चष्मे दिल्यावर त्यांचे गणितातील गुण वाढल्याचे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. भारतात १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात पुढे शालेय नेत्रतपासणीचा समावेश झाला, तो याच हेतूने.

उपचार : अंतर्गोल भिंगाचा चष्मा हाच मुख्य व सर्वांत सुरक्षित उपाय होय. स्पर्शभिंगे (काँटॅक्ट लेन्स) तेच कार्य करतात. स्वच्छता न पाळल्यास त्यांनी स्वच्छमंडलाला जंतुसंसर्ग होतो. लेसर शस्त्रक्रियेत स्वच्छमंडलाचा आकार बदलून चष्म्याची गरज दूर केली जाते. ती नंबर स्थिर झाल्यानंतर प्रौढ वयातच करतात. नेत्रगोलाची लांबी तिने बदलत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही जालपटलाची तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते. वाढत्या वयातील मुलांत नंबर वाढण्याची गती कमी करण्यासाठी ॲट्रोपीन या औषधाचे अतिसौम्य थेंब (०·०१ ते ०·०५ टक्के) आणि खास रचनेची चष्म्याची भिंगे वापरतात. हाँगकाँग येथे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा भिंगांनी दोन वर्षांतील वाढ सु. निम्म्याने कमी झाली. हे उपाय नेत्रतज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाचे असतात.

रूढ समजुती : चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत सर्वाधिक हानिकारक आहे. नंबर वाढतो तो मूल वाढत असल्यामुळे. मलेशियात मुद्दाम कमी नंबराचे चष्मे देऊन पाहण्यात आले, तेव्हा दोन वर्षांत त्या मुलांचा नंबर सरासरी १·०० डायॉप्टरने, तर पूर्ण नंबर दिलेल्यांचा ०·७७ डायॉप्टरने वाढला (२००२). अमेरिकन वैद्य विल्यम बेट्स (१८६०–१९३१) यांनी १९२० मध्ये डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा जातो असे प्रतिपादन केले आणि त्याचे अनेक अवतार नंतर निघाले; लांबलेला नेत्रगोल व्यायामाने आखूड झाल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. गाजर, पालेभाज्या व पिकलेला आंबा यांतील जीवनसत्त्व अ रातांधळेपणा टाळण्यासाठी आवश्यक आहे. नंबर कमी करण्याचा गुण त्यात नाही. डोळ्यात मध, तूप किंवा काजळ-सुरमा घालण्यापासून कोणताही लाभ होत नाही. काही सुरम्यांत शिसे असते व ते मुलांच्या शरीरात भिनते.

दैनंदिन नेत्रसंगोपन : मुलांनी रोज सु. दोन तास दिवसाच्या उजेडात घराबाहेर असावे, हा आजच्या ज्ञानातील सर्वांत भरीव नियम होय. तेथे खेळ, चालणे किंवा नुसते बसणे यांपैकी काहीही चालते. सूर्याकडे थेट पाहणे मात्र केव्हाही टाळावे. नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते, तेव्हा दुपारी मुलांना बाहेर पाठविणे योग्य नाही. परंतु त्यासाठी उन्हाची गरजच नाही. सकाळी शाळेपूर्वीचा व सायंकाळी सूर्यास्तापूर्वीचा वेळ आणि कडुनिंबाच्या किंवा वडाच्या दाट सावलीतला उजेडही पुरेसा असतो. डोक्यावर टोपी घातल्याने या लाभात विशेष उणीव येत नाही. सायंकाळचे शिकवणीवर्ग नेमके हेच तास घेतात, याचा विचार पालकांनी व शाळांनी करावयास हवा.

वाचताना पुस्तक डोळ्यापासून किमान ३० सेंमी. अंतरावर असावे. फिरता दूरध्वनी मुले याहून जवळ धरतात व तासन्‌तास धरतात. त्याचा अपाय मुख्यतः या जवळीकीत आणि त्यापायी बाहेरच्या उजेडाला मुकण्यात आहे. दर २० मिनिटांनी नजर दूरवर नेऊन काही सेकंद विसावा द्यावा. याने डोळ्यांचा थकवा कमी होतो. पहिली नेत्रतपासणी शाळेत जाण्यापूर्वी व्हावी आणि त्यानंतर दरवर्षी एकदा. मुलांचा नंबर औषधाचे थेंब घालून, बाहुली विस्फारून काढणे योग्य असते, कारण डोळा ताणून पाहण्याच्या सवयीमुळे त्यांचा नंबर प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. मूल दूरचित्रवाणीच्या फार जवळ बसते, डोळे बारीक करून पाहते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरविते किंवा दूरचा माणूस आवाजावरून ओळखते, ही लक्षणे दिसल्यास वार्षिक तपासणीची वाट पाहू नये.

तीव्र निकटदृष्टिता असलेल्या प्रौढांनी वर्षातून एकदा जालपटल तपासून घ्यावे. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागणे, प्रकाशाच्या चमका दिसणे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखा अंधार येणे ही जालपटल फाटल्याची किंवा सुटू लागल्याची लक्षणे होत. अशा वेळी वेदना होत नाहीत, म्हणून दुर्लक्ष होते; त्याच दिवशी नेत्रतज्ञाकडे गेल्यास मात्र बहुधा दृष्टी वाचविता येते.